आमटी बोलेपर्यंत

डाव्या तळहातावर आमटीचा थेंब टाकायचा, तो चाटायचा, डोळे मिटायचे आणि पातेल्याकडे बघत म्हणायचं, "अजून बोलत नाही." हे आमच्या आचाऱ्यांचं रोजचं. पदार्थ झाला, असं ते कधी म्हणत नसत. आमटी बोलायची, भाजी बोलायची, आणि एखाद्या दिवशी काकडीची कोशिंबीर "नुसती पुटपुटतेय" असा शेरा मिळायचा. मी सुरुवातीला हसायचे. सहा महिन्यांत मीही तसंच बोलायला लागले, तेव्हा आमचे हे म्हणाले, "ओट्यापाशी आता मीच एकटा गप्प असतो."

लोक मला अजून विचारतात, तुमचे ते आचारी कुठे गेले हो? मी सांगते, दगा दिला, गेले न सांगता. मग समोरचा चुकचुकतो, हल्ली माणसं अशीच म्हणतो, आणि विषय मिटतो. तुम्हाला मात्र जरा सविस्तर सांगते. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, तेव्हा कुणी कुणाला काय दिलं ते तुम्हीच बघा.

माझे पथ्याचे डबे आहेत. कोथरूडला आमची सोसायटी जुनी, फ्लॅट तळमजल्यावर. ह्यांना हृदयाचा झटका येऊन गेला आणि डॉक्टरांनी मीठ निम्म्याहून कमी करायला सांगितलं, तेव्हा मी कमी मिठाचा स्वयंपाक शिकले. आमच्या सोसायटीत साठीच्या पुढची माणसं एवढी, की लिफ्ट बंद पडली तर खाली सभाच भरते. त्यातल्या एकेकाला ह्यांच्यासारखंच काहीतरी निघालं. कुणी म्हणालं, आमच्याही दोघांचं कराल का? असं करत वीस-बावीस डबे झाले. झाकणावर मी माझ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवायचे, 'कमी मीठ, कमी तेल'. मग माझा खांदा धरला. पोळ्यांना बाई मिळाली, पण आमटी-भाजीसाठी कुणीतरी हवं होतं. कुणीतरी ह्यांना सांगितलं की कसब्यात एक लग्नाचे आचारी आहेत, गुडघ्यांमुळे मोठी कामं सोडलीत.

ते आले तेच स्वतःची पळी फडक्यात गुंडाळून. पांढरा हाफ शर्ट, खिशाला तेलाचा डाग, आणि पोट एवढं की ओट्यापासून हातभर लांब उभं राहावं लागायचं. आमचं स्वयंपाकघर त्यांनी दारातूनच पाहिलं.

"वहिनी, मी पाचशे पानांचा माणूस. हे म्हणजे भातुकली."

"पथ्याचं जमेल का?"

"पथ्य म्हणजे काय हो? लग्नाचंच जेवण, लग्न वगळून."

मी त्यांना काका म्हणायला लागले. ते माझ्यापेक्षा फार तर आठ वर्षांनी मोठे असतील, पण आचाऱ्याला दुसरं काय म्हणणार? त्यांना ते पटलं नव्हतं. "मी तुम्हाला वहिनी म्हणतो, तुम्ही मला काका. म्हणजे आपलं नातं काय लागतं, एकदा कागदावर मांडून दाखवा," असं ते महिन्यातून एकदा तरी म्हणायचे. मी काही मांडून दाखवलं नाही.

आता सिगारेटचं. एक फोडणी झाली की एक सिगारेट, असा हिशोब होता. सकाळच्या स्वयंपाकात फोडण्या किती, ते मोजा. पार्किंगच्या मागे पाण्याची टाकी आहे, तिच्या आडोशाला ते उभे राहायचे. परत आले की साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, बडीशेप तोंडात टाकायचे आणि म्हणायचे, "आता मी सोवळा." माझ्या नाकाला ते सोवळं कळायचं. पण मी बोलायचे नाही, कारण स्वयंपाक.

काय सांगू तुम्हाला. दुधी ही भाजी माणसं मागून घेऊ लागली. मूगडाळीच्या आमटीला आमसूल आणि गोडा मसाला असा लागायचा की बी विंगमधले निवृत्त प्राध्यापक, ज्यांनी आयुष्यात कुणाला पूर्ण गुण दिले नसतील, त्यांनी रिकाम्या डब्यात चिठ्ठी घालून पाठवली, 'पथ्य इतके चविष्ट असू शकते हे ठाऊक नव्हते.' प्राध्यापकांकडे मोबाईल आहे, व्हॉट्सअ‍ॅपही आहे. पण जेवणाबद्दलचा अभिप्राय ते कागदावरच देतात, चौकोनी घडी घालून. ती चिठ्ठी मी फ्रिजवर लावली. बावीस डब्यांचे चाळीस झाले, मग बेचाळीस. शेजारच्या सोसायटीतून विचारणा येऊ लागली आणि मी नाही म्हणू लागले. नाही म्हणण्यात काय सुख असतं ते मला पहिल्यांदा कळलं.

फक्त ह्यांचं ब्लडप्रेशर उतरत नव्हतं. उलट थोडं चढलंच होतं. डॉक्टरांनी गोळी बदलली, पुन्हा बदलली, आणि तिसऱ्या खेपेला माझ्याकडे बघून विचारलं, "घरात मीठ कोण घालतं?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी म्हटलं, "डॉक्टर, चाळीस घरं माझ्याकडून कमी मिठाचं जेवण नेतात." ते म्हणाले, "हो, पण घालतं कोण?"

घरी येऊन मी मिठाचा डबा उघडला. किलोची पिशवी आठ दिवसांपूर्वी ओतली होती. तळ दिसत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांची आमटी उकळायला लागली तेव्हा मी बशी पुढे ठेवली. "काका, एका पातेल्याला किती मीठ घालता?"

"दोन चिमटी."

"घालून दाखवा, या बशीत. आमटी बोलेपर्यंत घालता तसं."

त्यांनी पहिली चिमूट टाकली. पाच बोटांची होती. दुसरी टाकली. मग सवयीने पातेल्यातला थेंब तळहातावर घेतला, चाटला, डोळे मिटले आणि तिसरी टाकली. मग चौथी. पाचवीला त्यांचा हात हवेत थांबला. मी चमच्याने मोजलं. मी ठरवून दिलं होतं त्याच्या तिपटीला थोडंसं कमी भरलं.

मी फार बोलले त्या दिवशी. सगळं सांगत नाही. तुम्ही मला फसवलंत, म्हणाले. झाकणावर माझं अक्षर आहे, म्हणाले. वरच्या मजल्यावर एका बाईंच्या किडनीचं चाललंय, त्या माझ्या भरवशावर जेवतात, म्हणाले. ते ऐकत राहिले. मग स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मला लागतच नाही, वहिनी. तुमच्या गळ्याशपथ, मला अळणी लागतं."

"एवढं घालून?"

"एवढं घालून आत्ता कुठे लागायला लागतं." बशीकडे बघत म्हणाले, "तीस वर्षं लोक म्हणत आले, काय हात आहे. हात कसला, जीभच मेलेली होती."

मग हळूहळू बाहेर पडलं. मनपाच्या दवाखान्यात त्यांना महिन्यापूर्वीच सांगितलं होतं, सिगारेट बंद आणि वजन कमी, दोन्ही, लगेच. छातीचा फोटो काही बरा नव्हता. ब्लडप्रेशर त्यांनाही होतं. हे सगळं खिशात घालून हा माणूस माझ्याकडे येऊन फोडण्या देत होता आणि टाकीमागे उभा राहत होता. मला एवढा संताप आला की मी जागच्या जागी सांगून टाकलं, सिगारेट सोडा, नाहीतर डबे सोडा. जीभ परत येईपर्यंत मीठ मी मोजून घालेन. आणि दुपारी इथलंच जेवायचं, ह्यांच्या ताटातलं, घरी जाऊन भाताचा डोंगर नाही.

"एका वेळी एक शत्रू द्या, वहिनी."

"दोन्ही."

"बरं," ते म्हणाले आणि पाकीट काढून ओट्यावर ठेवलं. त्यात चार शिल्लक होत्या. मी त्या नळाखाली भिजवून टाकून दिल्या, आणि ते बघत राहिले.

पुढचे दीड-दोन महिने आमच्या स्वयंपाकघराने काय पाहिलं ते विचारू नका. माणूस इतका चिडका झाला की कढईशी भांडायचा. मी लवंग दिली तोंडात धरायला, तर म्हणाले, "लवंगेने जीभ झोपते. आधीच ती झोपलेली." मग गाजराचे लांब तुकडे दिले. ते त्यांनी पहिल्या दोन बोटांत धरले, तोंडाशी नेले आणि न खाता श्वास ओढला. पोळ्यावाल्या बाईंना हसू आवरेना. कढीपत्त्याच्या काड्या चघळून झाल्या. फोडणी झाली की पाय आपोआप दाराकडे वळायचे, चार पावलं जायचे आणि परत यायचे. मी पाठमोरी उभी असायचे, पण पावलं मोजत असायचे.

आणि भूक. सिगारेट गेली आणि तिच्या जागी भूक आली, तीही आठ जणांची. दाणे कुटायला घेतले की निम्मे गायब. मी विचारलं की म्हणायचे, "चाखत होतो." आठवड्यातून एकदा ह्यांच्या वजनकाट्यावर उभं राहायचं असं ठरलं होतं. तेव्हा आधी चपला काढायच्या, मग घड्याळ, मग खिशातली किल्ली, मग पट्टा. एकदा टोपी काढली. हे म्हणाले, "काका, आता पुढे जाऊ नका." काटा तरीही पुढेच जायचा. "धूर वजनाला हलका होता, वहिनी," असं ते हताशपणे म्हणायचे आणि दोडक्याची भाजी, एक भाकरी घेऊन बसायचे. ते ताट त्यांनी कधी टाकलं नाही, एवढं मी मान्य करते.

मग एका सकाळी मी देवपूजा करत होते आणि आतून हाक आली. नेहमीची नव्हती. मला वाटलं, काहीतरी सांडलं. जाऊन बघते तर काका ओट्यापाशी उभे, हातात दुधीची फोड, नाकाशी धरलेली.

"वहिनी, दुधीला वास असतो?"

"असतो की."

"मला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले. डोळे भरून आले होते. कांद्याचं निमित्त नव्हतं, कारण कांदा चिरलाच नव्हता. त्या दिवशी त्यांनी कोथिंबीर, टोमॅटो, मोड आलेली मटकी, सगळं कच्चं कच्चं चाखलं. दुसऱ्या दिवशी सांगत होते की रात्री घरी बायकोची आमटी जेवले आणि पहिल्यांदा वरून मीठ घेतलं नाही. "तीस वर्षं मी हिच्या हाताला नावं ठेवली. काल म्हटलं, बरोबर आहे. तर रडायलाच लागली." ते सांगताना स्वतः हसत होते.

मी मिठाचा डबा त्यांच्या हातात परत दिला. मला वाटलं, जिंकलो आपण. त्यांचा हात आता हलका झाला होता. आलं, लिंबू, आमसूल, भाजलेलं जिरं, यांनीच ते पातेलं बोलतं करायचे, मीठ चिमटीभर. तळहातावरचा थेंब चाटला की चेहरा उजळायचा. "ऐका, ऐका, काय बोलतेय," म्हणायचे. ह्यांचं ब्लडप्रेशर दोन महिन्यांत उतरलं. डॉक्टर म्हणाले, "मीठ घालणारा सापडला वाटतं."

आणि चिठ्ठ्या यायला लागल्या.

पहिली प्राध्यापकांची. 'आजची आमटी आजारी होती काय?' मी दुर्लक्ष केलं. आठवड्याने दुसरी आली, 'आम्ही पथ्यावर आहोत, शिक्षेवर नाही.' मग इतरांचे फोन. काकू, हात बदललात का? काकू, चव गेली हो. एक सूनबाई म्हणाल्या, सासरे वरून मीठ घेतात, मग तुमच्याकडून कशाला घ्यायचा डबा? मी सगळ्यांना सांगत होते, हेच खरं पथ्य, सवय होईल. सवय कुणाला व्हायची नव्हती. बेचाळिसाचे पस्तीस झाले, मग अठ्ठावीस. शेजारच्या सोसायटीतून विचारणा बंद झाली. सकाळी धुतलेले रिकामे डबे ओट्यावर तसेच उरायचे आणि माझा जीव कासावीस व्हायचा.

इथे एक कबूल करते. ती आठ महिन्यांची चव खोटी होती, हे मला ठाऊक होतं. तरी मला ती हवी होती. बेचाळीस घरांत माझं नाव निघत होतं, ते बंद झालेलं मला सोसत नव्हतं.

प्राध्यापकांनी डबा बंद केला त्या सकाळची गोष्ट. चिठ्ठीत फक्त 'धन्यवाद' लिहिलं होतं. ती मी ओट्यावर आपटली. काका आमटी ढवळत होते. शेजारी त्यांचं गाजर ठेवलेलं होतं. मी म्हणाले, "खरं सांगू का काका, ओढत होतात तेच बरं होतं."

आता, आपण पुण्यातली माणसं. आपण बोलतो एक आणि समोरच्याने समजायचं दुसरं, असा आपला रिवाज. थट्टा होती, असं मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल. त्यांनी वर पाहिलं. मी हसले असते तर थट्टा झाली असती. मी हसले नाही. ते "हं" म्हणाले आणि फडक्याने ओटा पुसायला लागले, तो स्वच्छ असताना.

चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी फोडणी झाली आणि पावलं दाराकडे गेली. मी पाठमोरी होते. चार मोजली, पाच मोजली, मग मोजणं सोडून दिलं. ते परत आले, साबणाने हात धुतले, बडीशेप खाल्ली. सोवळा वगैरे काही म्हणाले नाहीत. मग मिठाचा डबा उघडल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा.

मी वळले. त्यांनी पळी माझ्यापुढे धरली. इतक्या दिवसांत कधी धरली नव्हती. "वहिनी, चाखता?"

मी चाखायला हवं होतं. चाखलं असतं तर बोलावं लागलं असतं. मी म्हणाले, "तुम्ही चाखलंत ना, मग झालं."

"जीभ जागी असताना मला एवढं मीठ घालवत नाही, वहिनी," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, तक्रार नाही. मी झाकणं पुसत होते. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग ते डबे भरायला लागले. त्यांनी भरलेल्या एकेका डब्यावर मी 'कमी मीठ, कमी तेल' चिकटवत गेले.

पंधरा दिवसांत चव परत आल्याची बातमी दोन्ही सोसायट्यांत झाली. डबे वाढले. प्राध्यापक परत आले, 'आमटी पूर्वपदावर. अभिनंदन.' खोकलाही परत आला, टाकीमागून ऐकू यायचा. मी मिक्सर लावायचे.

ह्यांचं काय, तेही सांगते, म्हणजे हे चित्र पुरं होईल. पहिल्याच दिवसापासून मी मीठ पडायच्या आधी ह्यांच्यासाठी वाटीभर आमटी बाजूला काढू लागले. काकांच्या देखत. तिसऱ्या दिवशी काकांनी विचारलं, "साहेबांची वेगळी काढलीत?"

"हो. त्यांचं ब्लडप्रेशर."

"बरोबर आहे," ते म्हणाले.

दुपारी ते जेवायला बसले. पथ्य त्यांनी सोडलं नव्हतं, एक भाकरी, दोडका, आणि वाटीत पातेल्यातली आमटी. सगळ्यांची होती ती. ब्लडप्रेशर त्यांनाही होतं, हे मी मघाशी सांगितलंच. मला दोन वाट्या काढता आल्या असत्या, पातेलं काही लहान नव्हतं. मला सुचलंच नाही असं म्हणायला मला आवडलं असतं. त्यांनी वाटी तोंडाला लावली, संपवली, धुऊन पालथी घातली. असं बारा-तेरा दिवस चाललं.

मग एका सोमवारी ते आले नाहीत. फोन उचलला नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. डब्यांना तर हवंच होतं, म्हणून मी आणि पोळ्यावाल्या बाईंनी कसंबसं उरकलं. माझा दुखरा खांदा आणि ह्यांचं "त्यांना बरं नसेल गं," या दोन्हींवर मी सारखीच चिडत होते. एक शब्द तरी टाकायचा. मी या माणसाला गाजरं चिरून दिली, वजनकाट्यावर उभं केलं, माझ्या नवऱ्याच्या ताटातलं वाढलं. मला फसवल्यासारखं वाटलं, आणि या वेळी पुरतं फसवल्यासारखं.

गुरुवारी त्यांची बायको आली. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. किरकोळ बांध्याची, डोक्यावर पदर, बस बदलून आलेली. पाणी प्यायली आणि म्हणाली, "ह्यांची पळी राहिलीये, ताई. तेवढी न्यायला आले."

मी पळी काढून दिली. मग मला राहवलं नाही. "एवढं काय झालं हो, न सांगता जायला? तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. घरीच असतात. स्वयंपाक करतात, मला ओट्यापाशी फिरकू देत नाहीत. वजन मात्र वाढणार आता." ती हसली. मग पळीला फडकं गुंडाळत म्हणाली, "सोडली त्यांनी परत. तुमचं काम सोडलं त्याच दिवशी. म्हणाले, डबे आणि हे, दोन्ही एकदम नाही जमत, एक काहीतरी धरावं लागेल."

मी चहा टाकते म्हणाले. ती नको म्हणाली, बस चुकेल. दारापर्यंत गेली आणि चपला घालताना थांबली.

"हे मी तुम्हाला सांगितलं, ते त्यांना कळू देऊ नका. म्हणालेत, वहिनींना सांगू नकोस. त्यांना उगीच वाटेल, त्यांच्यामुळे ओढत होतो."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, आधी रागच आला. माझ्या ओट्यापाशी राहून जे धरवलं नाही, ते ह्या माणसाने घरी जाऊन एका दिवसात धरलं, आणि वर मला सांभाळून घेतलं. ते जर दोन शब्द लागेल असं बोलून गेले असते, तर मीही चार बोलले असते आणि आम्ही सुटलो असतो. त्यांनी तेवढंही माझ्या हाती ठेवलं नाही.

आता माझ्याकडे एक बाई येतात आमटी-भाजीला. चिरणं, ढवळणं, फोडणी त्या करतात. डबे पंचेचाळीस आहेत. आचारी बदलले, हे कुणाच्या लक्षातही आलेलं नाही, चव तीच आहे म्हणतात. कारण मीठ मी घालते. पाच बोटांची चिमूट, चार वेळा. मी आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही, मला सगळं नीट लागतं. त्याआधी पातेल्यातून ह्यांची वाटी काढून ठेवते, आणि मग मिठाचा डबा उघडते.